सीमेपलीकडे, अगदी सावकाश

२ मार्च, रविवार
ठरवून टाकलं. येत्या पंधरा तारखेला लग्नाला पंचवीस वर्षं होतात. त्या दिवशी हिला सीमेपलीकडे खरेदीला न्यायचं. दिवसभर. अगदी सावकाश. गेली कित्येक वर्षं नेतो-नेतो म्हणतोय, पण दर वेळी दुकान आडवं येतं. झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान म्हणजे तान्हं मूल, टाकून जाता येत नाही.

साडू दर महिन्याला बायकोला घेऊन पलीकडे जातो आणि आल्यावर चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात वर्णन करतो. मला त्याची बरोबरी करायची नाही. फक्त त्याच्यापेक्षा चांगलं जाऊन यायचं आहे.

हिला सांगितलं. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, बघू. आनंद आतल्या आत ठेवायची हिची जुनी सवय.

संकल्प: त्या दिवशी एकदाही ‘चल, चल’ म्हणायचं नाही.

५ मार्च, बुधवार
दोघांचे सीमा ओलांडायचे पास मिळाले. पुढे फोटो, मागे नुसते रिकामे चौकोन. कशासाठी, काही छापलेलं नाही. कागद वाया घालवायची सरकारी हौस, दुसरं काय.

कागद मात्र फारच लेचापेचा. दुकानात नेऊन माझा पास लगेच लॅमिनेट करून टाकला. जाड प्लास्टिक, दोन्ही बाजू. आता पाण्यात पडला तरी हरकत नाही. हिचाही मागितला, तर देईना. म्हणाली, आपली लग्नपत्रिका झाली, मिक्सरची गॅरंटी झाली, माझ्या आईचं शेवटचं पत्रसुद्धा झालं, एवढा एक कागद कागदासारखा राहू दे. पास कुठेतरी लपवून ठेवलाय. डब्यांमागे शोधला, नाही मिळाला.

संरक्षणाचं महत्त्व माणसाला वेळ आल्यावरच कळतं.

७ मार्च, शुक्रवार
सावकाश हिंडण्याचं वेळापत्रक तयार. आधी चादरी, मग भांडी, मग पडदे. मधे मधे निवांतपणा. निवांतपणाला हिरवा रंग दिलाय. लॅमिनेट केलं.

हिला वाचून दाखवलं. म्हणाली, मला काही घ्यायचंच नाहीये हो. चपलांच्या दुकानात बसायचं, ढीगभर जोड पायात घालून बघायचे आणि काहीही न घेता बाहेर पडायचं, एवढंच करायचंय एकदा.

हसलो. स्वतः दुकान चालवलेलं नसलं की असे विचार येतात. चपलांचं दुकान मात्र वेळापत्रकातून काढून टाकलं. धोका नको.

९ मार्च, रविवार
ऐकायचं नव्हतं, कानावर पडलं. ही फोनवर थोरल्या बहिणीशी बोलत होती. म्हणाली, जाईन गं, पण यांच्याबरोबर जाणं म्हणजे दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं. सारखं लक्ष घड्याळाकडे.

लागलं मनाला. जेवणही नीट गेलं नाही. पंचवीस वर्षं एवढी सगळी व्यवस्था कोणासाठी करतो मी?

मग विचार केला. ही थोरली म्हणजे साडूची बायको. तिच्या घरच्या बढाया ऐकून हिची दृष्टी बिघडलीय. पंधरा तारखेनंतर हीच फोन करून सांगेल की माझ्या नवऱ्यासारखं सावकाश कुणी हिंडवत नाही. हे वाक्य हिच्या तोंडून ऐकायचंच. बाकी चादरी मिळाल्या-न मिळाल्या.

१४ मार्च, शुक्रवार, संध्याकाळ
सगळी तयारी झाली. दोन डबे, दोन बाटल्या, वेळापत्रक, नकाशा (लॅमिनेट केलेला). ‘चल, चल’ न म्हणण्याचा सराव दिवसभर केला. एका गिऱ्हाइकाने विचारलं, दात दुखतोय का.

१५ मार्च, शनिवार, सकाळ, बसमध्ये
प्रवास उत्तम. हिला खिडकी दिली. अजून एकदाही ‘चल, चल’ म्हणालो नाही. स्टॉपवर दोन-तीनदा ‘निघू या का’ म्हणालो, पण ते वेगळं.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने, सीमेवरचं ऑफिस
किरकोळ अडचण आलीय. खिडकीतला अधिकारी तरुण आहे, अनुभव बेताचा. हिच्या पासवर शिक्का मारला आणि माझा हातात घेतला. माझ्या पासवरून शिक्का घसरला. पुन्हा मारला. शाई प्लास्टिकवर तशीच उभी राहिली आणि शेवटी त्याच्या अंगठ्याला लागली. ते रिकामे चौकोन शिक्क्यांसाठी असतात म्हणे. मग तसं छापायला काय झालं होतं?

त्याने पासच्या तळाची बारीक ओळ दाखवली. ‘हा पास लॅमिनेट करू नये.’ लॅमिनेशनमुळे ही ओळ किती ठसठशीत वाचता येते, ते मी त्याच्या नजरेस आणून दिलं. त्याने मला बाकावर बसायला सांगितलं.

म्हणाला, बाईंना जाता येईल, तुम्हाला नाही. मी हसून हिला म्हणालो, आता माझ्याशिवाय तू कशी जाणार. ही माझ्याकडे बघत राहिली. मग पलीकडे उघडणाऱ्या दाराकडे. मग म्हणाली, तुम्ही बसा, मी येते जाऊन.

हे म्हणजे उलटंच झालं. पण म्हटलं, ठीक आहे, इथून सूत्रं हलवू. वेळापत्रक हातात दिलं. गेली. पाहतो तर वेळापत्रक बाकावरच. घाईत विसरली.

दुपार
प्लास्टिक सोडवून बघावं म्हणून नेलकटरने कोपरा उचकटला. काम चांगलं केलेलं असलं की असं होतं: चेहरा प्लास्टिकबरोबर निघून आला आणि पास बिनचेहऱ्याचा राहिला. अधिकाऱ्याला दोन्ही भाग दाखवले. त्याने खिडकी लावून घेतली. जेवणाची सुट्टी असावी.

भिंतीवरच्या सूचना फार मळल्यात. सगळ्या लॅमिनेट करून देतो म्हणून दारावरच्या पहारेकऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, साहेबांना आता विचारू नका.

दोन्ही डबे माझ्याकडेच राहिले. बिचारी उपाशी असेल. तिचाही डबा खाल्ला, वाया नको जायला.

दुपार उलटल्यावर
काळजी वाटते. सूत्रं कुठून हलवणार, माझ्या हातात नुसतं वेळापत्रक. या क्षणी हिरवा निवांतपणा चालू असायला हवा.

हिला एकटीला रस्ता ओलांडायची सवय नाही. म्हणजे नसावी. मी बरोबर असतो तेव्हा मीच हात धरून ओढतो. पहारेकरी भला माणूस. म्हणाला, गर्दीत लक्ष ठेवतो, कोणत्या रंगाचे कपडे आहेत वहिनींचे?

सांगता येईना. सकाळपासून शेजारी बसून आलो. बसची वेळ सांगता आली असती, सीट नंबर सांगता आला असता. निळा असेल, म्हणालो. जरा भीतीच वाटली.

संध्याकाळ, परतीची बस
आली. पिवळे कपडे होते.

हात रिकामे. रमतगमत येत होती, मागचे लोक तिला ओलांडून पुढे जात होते, तरी हिचं आपलं तेच. मी दारातून ओरडलो, चल, चल, बस सुटेल. तोंडातून निघून गेलं. पण सीमेच्या अलीकडून म्हणालो, त्यामुळे हे धरायचं नाही.

बसमध्ये सगळं सांगितलं तिने. एवढं बोलताना मी हिला बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. चपलांचे ढीगभर जोड घालून बघितले. दुकानातल्या बाईला गिऱ्हाईक नव्हतं, मग तीही शेजारी बसून जोड घालून बघायला लागली. दोघी पोट दुखेपर्यंत हसल्या. मग बागेत झाडाखाली बाकावर बसली आणि बसल्या बसल्या झोप लागली. कुणी उठवलं नाही.

मी विचारलं, चादरी? म्हणाली, होत्या की.

माझ्यासाठी बिस्किटांचा पुडा आणलाय. अर्धा. उरलेला बागेत संपला.

माझ्याविना खरेदी जमली नाही बिचारीला.

१६ मार्च, रविवार
साडूचा फोन. कसं झालं विचारत होता. सांगितलं की बायकोला मोकळेपणा मिळावा म्हणून मी मुद्दाम अलीकडे थांबलो. त्याने दोनदा विचारलं, मुद्दाम? भारावला असावा. मागे थोरली हसल्यासारखी वाटली, पण लाइन खराब होती.

१९ मार्च, बुधवार
नव्या पासचा अर्ज दिला. यायला वेळ लागेल म्हणतात. संकल्प: या वेळी लॅमिनेशन नाही. फार तर प्लास्टिकचं पाकीट.

हिला म्हणालो, पास आला की दोघं जाऊ, या वेळी खरंच सावकाश. म्हणाली, बघू. पण हे ‘बघू’ त्या दिवशीच्या ‘बघू’सारखं नव्हतं. त्या दिवशीचंही नीट ऐकलं होतं की नाही, आता शंका येते.

२२ मार्च, शनिवार
दुपारी ही दुकानात आली. कधी येत नाही. इतर गिऱ्हाइकांसारखी काउंटरच्या पलीकडे उभी राहिली आणि पर्समधून एक कागद काढला. पलीकडे जाणाऱ्या बसच्या वेळा, तिच्या अक्षरात. म्हणाली, दर महिन्याला जाईन म्हणतेय, पर्समध्ये चुरगळतो, जरा लॅमिनेट करून द्या.

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तिने आपणहून लॅमिनेशन मागितलं. विचारलं, दोन प्रती करू ना? म्हणाली, एक पुरे.

केलं. एकही बुडबुडा नाही. कोपरे गोल कापले, तिच्या हाताला टोचू नयेत म्हणून. आज हिरवे कपडे होते, आठवणीने पाहिले.

देताना म्हणालो, सावकाश जा.

म्हणाली, तेवढ्यासाठीच तर जाते.