गवताच्या मुठीतला दोरा

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज पुन्हा दोन कप चहा टाकला! ताईला जाऊन अडीच महिने झाले, हाताला अजून कळत नाही. दुसरा कप बेसिनमध्ये ओतला.

अठ्ठावन्नाव्या वर्षी बहीण लग्न करते — औषधवाल्याशी! — आणि आपण पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा एकटं राहायला शिकतो. बावीस वर्षं दोघी या दोन खोल्यांत. भांडायला तरी कोणी होतं. जायच्या दिवशी मीच ओरडले, ‘जातेस तर जा, पण परत येऊ नकोस!’ ती म्हणाली, ‘बरं.’ आणि खरंच नाही आली. चार गल्ल्या पलीकडे तर राहते. मी तरी कशाला जाऊ? माझं काय अडलंय!

शाळा : तिसरीला अन्नसाखळी सुरू केली. गृहपाठ — आपल्या घरात कोण काय खातं, साखळी काढून आणा.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

हसून हसून पोट दुखलं. मागच्या बाकावरच्या वात्रटाची साखळी — ‘आजी आईचं डोकं खाते. आई बाबांचं डोकं खाते. बाबा माझं डोकं खातात.’ वर कोपऱ्यात सूर्यसुद्धा काढलाय! मी खाली लिहिलं, ‘आणि तू माझं.’

घरी आले, चप्पल काढता काढता सांगायला तोंड उघडलं. सांगू कोणाला? फ्रिजला? या घरात आता कोणी कोणाचं डोकं खात नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

वर्गात अन्नसाखळीच्या खेळाला दोरा हवा होता. कपाटावर ताईची लोकरीची पिशवी आहे, न्यायची राहिलेली. राहिलं ते माझं! हिरवा मोठा गुंडा काढला. रागानेच काढला, इथे खोटं कशाला लिहू.

बाकं भिंतीला लावली. गळ्यात पाट्या — सूर्य, गवत, नाकतोडे, ससे, बेडूक, साप, घार. प्रत्येकाला घार व्हायचंय. गवत कोणालाच नको. शेवटी पिटुकलीला दिलं. सगळ्यात लहान चणीची म्हणून पिटुकली. खऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही, मीही नाही. आपल्याला जो खातो त्याच्याकडे गुंडा टाकायचा, आपला दोरा धरून ठेवायचा. बघता बघता हिरवं जाळं झालं. मग मी जाहीर केलं, ‘दुष्काळ पडला! गवत वाळलं. गवता, दोरा सोड.’ गवताने सोडला की नाकतोड्याचा ढिला पडतो, मग तो सोडतो, मग बेडूक — असा धडा. दरवर्षी होतो.

पिटुकली सोडेना.

‘अगं सोड.’ नाही. ‘खेळ आहे हा!’ नाही. घारी कंटाळल्या, सापांनी बेडकांना ढकललं. मी ओरडले. ती रडायला लागली, पण मूठ घट्ट. ‘मी सोडलं तर सगळे मरतील ना, बाई.’

घंटा झाली. जाळ्याचा असा गुंता झाला की कात्रीने तुकडे करावे लागले. ती आपला तुकडा मुठीत घेऊन घरी गेली.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

फाटकाशी पिटुकलीची आई. ‘बाई, काय शिकवलंत हो? पोरगी झोपेतसुद्धा लोकर सोडत नाही. एका हाताने जेवली.’

मधल्या सुट्टीत पिटुकलीला जवळ घेतलं. म्हटलं, गवत वरून वाळतं, मुळं आत जिवंत असतात. पाणी मिळालं की परत येतं. ती म्हणाली, ‘कशावरून?’

बरोबरच आहे. शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे गवताचा तुकडा आहे, पार पायपुसण्यासारखा झालेला. त्याच्याभोवती चार काटक्या रोवल्या. रोज एक बाटली पाणी घालायचं ठरलं.

‘आणि नाही आलं तर?’

‘येईल!’ छातीठोकपणे सांगून बसले. आता पंचाईत! नाही आलं तर ती मूठ उघडणार नाही, आणि माझ्यावर पुन्हा विश्वासही ठेवणार नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

भाजी घेताना औषधवाला भेटला. त्याला टाळायला मी डोकेदुखीची गोळीसुद्धा लांबच्या दुकानातून आणते, आणि हा कांद्यांच्या ढिगाआडून उगवला! ‘हिची हिरवी लोकर तिकडेच राहिलीय म्हणे.’

हिची! बावीस वर्षं माझी ताई होती, आता ‘ही’ झाली. आणि तिला लोकर आठवली, बहीण नाही आठवली. ‘बघते,’ म्हटलं आणि निघाले. कांदे तिथेच राहिले.

घरी येऊन रडले. खूप रडले. लोकरीचे तर तुकडे झालेत, देऊ काय?

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पिवळं ते पिवळंच.

बुधवार, १२ फेब्रुवारी

काही नाही. हेडबाई म्हणाल्या, ‘मेलेल्या गवतावर कसलं पाणी ओतताय?’ पिटुकली शेजारीच होती. तिने ऐकलं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

शाळेतून आल्यावर तुकडे जोडायला बसले. सव्वीस गाठी झाल्या. एक तुकडा अजून पिटुकलीकडे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

‘बाई, मेलंच का ते?’

‘थांब जरा,’ म्हटलं. मला काय माहीत!

रविवार, १६ फेब्रुवारी

सुट्टी, पण पाण्याचं काय? शिपाईमामांना फाटक उघडायला लावलं. ते म्हणाले, ‘बाई, घरी कोणी नाही वाटतं?’ नाही, म्हटलं, कोणी नाही. दोन बाटल्या घातल्या.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आलं!! तीन पाती. नखाएवढी, पण हिरवी! मी पोटावर आडवी होऊन पाहिली — या वयात, अख्ख्या शाळेसमोर! पिटुकली शेजारी तशीच आडवी. बराच वेळ बघत होती. मग मूठ उघडली. लोकर कसली, घामाने काळी झालेली सुतळी.

‘घ्या, बाई. सोडलं तरी परत येतं ना?’

‘येतं,’ म्हटलं. ‘पण पाणी घालावं लागतं, बाळा.’

बोलून गेले, आणि माझं मलाच ऐकू आलं. दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. घरी येऊन सत्ताविसावी गाठ मारली. उद्या जाते. दार लावून घेतलं तर घेतलं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

ताईने दार उघडलं. मी गुंडाच पुढे केला. ‘हे काय गं? नुसत्या गाठीच गाठी!’ ‘तिसरीची अन्नसाखळी,’ म्हटलं. ‘ताई, ते मी तेव्हा बोलले ना…’ ‘आधी चहा घे, निवतोय,’ म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.

टेबलावर तीन कप. भरलेले. मी येणार हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं!

भाऊजी म्हणाले, ‘रोज तीनच टाकते ही. तिसरा मला ढोसावा लागतो. बरं झालं आलात!’