चारही पाय सारखे

देवळा, २५ ऑगस्ट २०२५

चि. सौ. वेदिका हीस,
आजीचे अनेक आशीर्वाद. अंगणवाडीची रोशनी लिहून घेते आहे. मी 'लय' म्हटलं की ती 'खूप' लिहिते, तेवढं सोडून बाकी सगळं माझंच.

तू तिच्या फोनवर पाठवलेला आरोहीचा मातीचा बैल पाहिला. पोळ्याला शाळेत पहिला आला म्हणे. चार वर्षांच्या पोरीचा बैल, आणि चारही पाय सारखे! शिंगांना बेगड. शाळा याला 'हॅण्ड्स-ऑन' म्हणते, म्हणजे हातानं करून शिकणं, असं रोशनी सांगते. चांगलंच आहे, पण हात कोणाचे गं? फोनवर विचारलं तर तू हो-हो करून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र.

म्हातारीवर माया राहू दे.
तुझी आजी, कुसाबाई

नाशिक, ७ सप्टेंबर

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि. घरात गणपती होते, म्हणून उत्तराला उशीर झाला. तुझ्यापुढे काही लपत नाही. मी जरा हात लावला. सगळ्याच आया लावतात गं. फोटो पालकांच्या ग्रुपवर जातात, त्यात आपल्याच मुलीचा नुसता गोळा कसा दिसला असता?

पण हल्ली ती कशालाच हात लावत नाही. कणीक दिली तरी म्हणते, मम्मा, तूच कर. बाई म्हणतात, लाजाळू आहे. मला काळजी वाटते. येत्या शनिवारी तिचे पप्पा तिला तिकडे आणतील, मला सुट्टी नाही. तिला मातीत बसव.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझी वेदू

देवळा, १६ सप्टेंबर

चि. वेदू,
आशीर्वाद. पोर येऊन गेली. बांधावरची काळी माती भिजवून तिच्या पुढ्यात ठेवली, तर हात पाठीमागे धरून बसली. मग मीच बैल केला, मुद्दाम ओबडधोबड. एक पाय आखूड, मान वाकडी. म्हटलं, हसेल, सरळ करायला तरी हात घालेल. हसली नाही. म्हणाली, मोठी आजी, मोडून टाक. मम्मानं माझा मोडला ना, तसा. मग चांगला करता येतो.

तिनंही एक केला होता, हे तू लिहिलं नव्हतंस. कसा होता गं, म्हणून विचारलं, तर म्हणाली, चुकीचा.

रोशनी विचारते, रागाचं काही लिहू का. नको म्हटलं. राग नाही बाई. मला तो बैल बघायचा होता, एवढंच.

माझी माया आहे तशीच आहे.
कुसाबाई