मालकाला न विचारता काढलेली डुप्लिकेट

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. पत्र तुझ्या भावजयीच्या हाती पाठवतोय, कारण फोनवर लिहिलेलं आणखी कुठे कुठे जाऊन बसतं याचा मला आता भरवसा राहिलेला नाही. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टर बदललास असं कानावर आलं. आधीच्याने काय केलं ते कळवलं नाहीस, म्हणजे काहीतरी केलंच असणार. भावोजींना सांग, त्यांच्या खोकल्याची मुद्दाम चौकशी केली आहे. (मी आलो की तो वाढतो, हे माझ्या लक्षात आलेलं आहे.)

तुझी लेक रागावून गेली ती दुकानात फिरकलेली नाही. तिने घरी काय सांगितलं कोण जाणे, म्हणून माझी बाजू ऐक. दुकानाची वेबसाइट तिनेच करून दिली हे मी नाकारत नाही. चित्रं, पाट्या, फोन नंबराची चौकट, सगळं बोटाने उचलायचं आणि हवं तिथे ठेवायचं. काउंटरवर टॅब लावून दिला, म्हणाली, मामा, तुझं दुकान तूच सजव. मी खूश होतो. मग माझ्या फोनवर निरोप येऊ लागले, नवीन प्रत जमा झाली म्हणून. कसली प्रत? तर म्हणे साइटवर काहीही हललं की तिचा सगळा कोड आपोआप बाहेर निघून दुसरीकडे साठतो, कोणी काय कधी बदललं या नोंदीसकट, आणि ही सोय तिनेच केलेली. ताई, माझा जन्म किल्ल्या कापण्यात गेला. मालक समोर उभा राहून कुलूप दाखवत नाही तोवर मी डुप्लिकेट काढत नाही, सख्ख्या मेव्हण्यालाही काढून दिली नव्हती (भावोजींना आठवत असेल, खोकला तेव्हापासूनचा). आणि इथे माझ्याच दुकानाची डुप्लिकेट दिवसभर निघतेय, मालकाला न विचारता.

मनात पाल चुकचुकली. मी परीक्षा घ्यायची ठरवली. मोठ्या कुलपाचं चित्र जरा डावीकडे सरकवलं, लगेच निरोप. परत जागेवर आणलं, परत निरोप. म्हणजे कोणीतरी डोळ्यांत तेल घालून बसलेलं होतं. त्यात गिऱ्हाइकांचे फोन यायचे थांबले. एक बाई किल्ली आत ठेवून दार ओढून बाहेर अडकल्या होत्या, त्या म्हणाल्या, साइटवर तुमचा नंबरच दिसेना, म्हणून समोरच्याला बोलावलं. (समोरचा म्हणजे तोच, आपल्यासारखीच पाटी लावून बसलेला.) पाहतो तर खरंच नंबर गायब. आणि तुझ्या लेकीला त्या समोरच्याच्या काउंटरपाशी हसत उभी असलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. कुठेतरी पाणी मुरत होतं. मी गिऱ्हाइकांदेखत तिला विचारलं, माझा नंबर कितीला विकलास? ती एवढंच म्हणाली की नोंद बघ, सगळं त्यात आहे. चोराने ठेवलेली नोंद मी कशाला बघू, असं मी म्हणालो (तो शब्द बोलण्याच्या ओघात आला), आणि ती पर्स उचलून निघून गेली. त्यानंतर मी ती आपोआप प्रती काढायची सोय बंद करून टाकली. तरी पानावरून एकेक चित्रही गायब होत गेलं. आता पानावर पत्त्याची पाटी तेवढी उरली आहे. मला सांग, मी संशय घेतला यात माझं काय चुकलं?

तुझा,
धाकटा

ता. क. हे सगळं तुझ्या भावजयीने वाचलं आणि ती नोंद उघडून बसली. प्रत्येक बदलापुढे नाव एकच, मामा. माझ्या नावावर कोणीतरी हे उद्योग करतंय, असं मी म्हणालो. तिने माझ्या हातात फडकं दिलं आणि म्हणाली, रोज पुसता तसा टॅब पुसा. किल्ली कापताना पितळेचा चुरा उडून काचेवर बसतो, तो मी चांगला जोर लावून पुसतो. साइट तिथेच उघडी असते, सजवायच्या पानावर. फडक्याखालून पत्त्याची पाटी सरकत सरकत कडेबाहेर गेली आणि पान कोरं झालं. 

आणखी एक ता. क. तुझ्या भावजयीने बोलावलं म्हणून दुपारी तुझी लेक येऊन गेली. साठवलेल्या प्रतीतून तिने सगळं होतं तसं परत आणलं, नंबरसुद्धा. स्टूल पुढे केलं तर बसली नाही, काउंटरच्या बाहेरून, गिऱ्हाइकासारखी उभी राहून काम केलं. मला माफी मागायची होती. त्याऐवजी तोंडातून निघालं, समोरच्याकडे काय काम होतं? ती म्हणाली, त्यालाही अशीच वेबसाइट हवी होती. मी त्याला हसून नाही म्हटलं, मामाला आवडणार नाही म्हणून. आणि गेली.

शेवटचं. ताई, मला फार वाईट वाटतंय. तू हे वाचत असशील तेव्हा मी तुझ्या इमारतीत खाली, जिन्यापाशी उभा असेन. ती घरात असेल तर मला वर बोलाव, पण आधी तिचा राग कितपत आहे ते बघ. घरात नसेल तरी बोलाव. ती येईपर्यंत मी बसतो.