दहापैकी किती

४ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पोट सुटल्याचं वहिनीने लिहिलंय. बाबा म्हणाले, त्याची मापं नव्याने घ्यायला हवीत. दुकान बंद केलं तरी शिंपीपणा सुटत नाही.

आज सिस्टर घरी आल्या होत्या. आजार बरा होणार नाही हे आपल्याला ठाऊकच आहे. त्या येतात ते दुखणं हलकं करायला. दुखणं दहापैकी किती, असं त्यांनी विचारलं. बाबा हसून म्हणाले, दोन. मग सिस्टरांनी मला पाणी आणायला पिटाळलं. दाराबाहेर माझ्या कानांवर आलं, "नऊ. पोरीला सांगू नका, ती रडत बसते."

दादा, इतके दिवस मी त्या दोनावर विश्वास ठेवून बसले होते! डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलंय, पण बाबा नाही म्हणतात. कारणही सांगत नाहीत. तू समजाव ना त्यांना.

तुझी छोटी

९ मार्च

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

मॉर्फिन सुरू करू नकोस. आत्याला दिलं आणि चार दिवसांत ती गेली, विसरलीस? मला वीस तारखेशिवाय रजा नाही. तोवर त्यांना कसंही करून सांभाळ. मला ते भेटायला हवेत गं.

रागावू नकोस.

दादा

१३ मार्च

ती. दादास नमस्कार.

रागावले नाही, सुन्न झालेय. तू त्यांचं दुखणं वीस तारखेपर्यंत ताणायला सांगतोयस, कळतंय का तुला?

पत्र बाबांनी माझ्या हातातून घेऊन वाचलं. मग म्हणाले, "मीही त्यासाठीच नको म्हणत होतो. तो येईल तेव्हा मी गुंगीत नको." तुम्ही बापलेक एकमेकांसाठी हे काय करत होतात!

सिस्टरांना लगेच बोलावलं. त्यांनी नीट समजावलं. आत्याला औषध दिलं तेव्हा ती शेवटालाच आली होती. औषधाने ती गेली नाही. बेताने दिलं तर सुरुवातीची झोप ओसरते आणि माणूस शुद्धीत राहतो. बाबांनी तिथेच पहिला डोस घेतला. रात्रभर झोपले. सकाळी उठून माझ्या ब्लाउजची बाही तिरकी बसलीय म्हणून मला बोलले. मी हुंदके देऊन रडले आणि या वेळी ते मला थांबवायला आले नाहीत.

खाली त्यांना दोन ओळी लिहायच्यात. माया आहे तशीच राहू दे.

छोटी

पोरा, आता वाट बघायला त्रास होत नाही. पण ये लवकर.