आमचा वेगळा फीडर

३ जून २००७, रविवार
आजपासून विजेचा प्रश्न मी स्वतः हातात घेतला आहे.
कारण: संध्याकाळी लाइट गेली, आली, आणि ओव्हन तापेपर्यंत परत गेली. सुलक्षणाचा केक अर्धवट फुगून बसला. तिने तो माझ्यासमोर ठेवला. मी सगळा खाल्ला. मधला भाग चमच्याने.
नंतर तिने एवढंच विचारलं, की सूसला फ्लॅट घ्यायचं कुणी ठरवलं होतं? मीच. बिल्डर म्हणाला होता, "सर, बाणेरच समजा." हायवेच्या पलीकडे बाणेर. ते शहरात. तिथले लोक युनिटमागे थोडं जास्त भरतात, त्यांना लोडशेडिंग नाही. अलीकडे आम्ही. रोज टाय लावून हिंजवडीला जातो, तरी ग्रामीण.
ती म्हणाली, दिवाळीपर्यंत लाइटचं काय ते बघा, नाहीतर ओव्हन बाणेरला दादाकडे नेऊन ठेवते. केकच्या ऑर्डरी तिने एकटीने जमवल्या आहेत, त्या ती सोडणार नाही. दादा म्हणजे तिचा भाऊ. फ्लॅट घेताना "सूसला कशाला?" हे त्याने तीनदा विचारलं होतं. त्याच्याकडे ओव्हन जाणं म्हणजे माझं नाक जाणं. दिवाळी लांब आहे. सहज होईल.

२४ जून
तातडीचा उपाय: सौर ऊर्जा. सरकारी सवलतीतली सूर्यचूल आणली. आत काळा डबा, झाकणाला आरसा. भविष्य हेच आहे. सकाळी सुलक्षणाकडून केकचं मिश्रण मागून घेतलं आणि गच्चीवर ठेवलं.
दुपारी ढग. थोडं ऊन. परत ढग. ऊन आलं की मी आरसा वळवायचो, वळवला की ऊन जायचं.
संध्याकाळी झाकण उघडलं. सुलक्षणा म्हणाली, खरवस छान झालाय. जून महिना ही चुलीची चूक नाही. धोरण बरोबर, ऋतू चुकला.

१२ जुलै, गुरुवार
वीज आयोगाची जनसुनावणी. अर्धी रजा टाकून पुण्यात गेलो. भाषण पाठ होतं. "महोदय, अंधाराला हद्द नसते" अशी सुरुवात. माझा नंबर जेवणानंतर आला, तेव्हा अर्धं सभागृह डुलकी घेत होतं. एक सदस्य मात्र जागे होते. त्यांनी विचारलं, आपण ग्राहक शहरी की ग्रामीण? मी बाणेदारपणे म्हणालो, मनाने शहरी. ते हसले आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. सरकारदरबारी माणूस काही लिहून घेतो तेव्हा ते आतपर्यंत पोचलेलं असतं.
घरी सगळं सांगितलं. सुलक्षणाने विचारलं, मग लाइट कधी येणार? बायकांना प्रक्रिया समजत नाही.

२९ जुलै
रोगाचं मूळ सापडलं. ज्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या लाइनवर, पाठवलेली वीज आणि बिलात उतरलेली वीज यांत तफावत जास्त, तिथे लोडशेडिंग जास्त. आमच्या सोसायट्या आणि सूस गाव एकाच फीडरवर. म्हणजे गावाने आकडे टाकायचे आणि आम्ही मेणबत्त्या लावायच्या.
उपाय: आम्हाला वेगळा फीडर.
शिष्टाचार म्हणून गावातल्या विठ्ठलरावांना सांगायला गेलो. आमची सोसायटी त्यांच्याच भाताच्या खाचरावर उभी आहे. त्यांना चोरीबद्दल हळुवार शब्दांत समजावलं. ते सुपारी कातरत ऐकत राहिले. म्हणाले, "सायेब, गावात आकडं कुटं हायेत त्ये तुमी एकदा फिरून बघा. जत्रंलाबी आमी मीटर घेतो. एकदा आकडा टाकताना आमचा बहिरू तारंला चिकटता चिकटता ऱ्हायला, तवापासनं." मी फक्त हसलो. मग म्हणाले, "पन येगळं निघायचं तर निघा. भाऊ येगळं निघताना भांडी वाटून घेत्यात. तुमी तारा घ्या." त्यांच्या बायकोने, शारदाबाईंनी, चहा दिला. माणसं प्रेमळ आहेत. अप्रामाणिक, पण प्रेमळ.

१८ ऑगस्ट, शनिवार
फीडर आला! निवेदनावर माझी सही पहिली होती. काही लोक म्हणतात, बिल्डरला फेज टूसाठी लाइन हवीच होती, त्याने वरून करून घेतली. असूया, दुसरं काय.
नव्या फीडरची तफावत अजून मोजलेली नाही, म्हणून तूर्त आम्हाला सगळ्यात कमी लोडशेडिंगच्या गटात टाकलंय. संध्याकाळभर लाइट. सुलक्षणाने केक केला आणि तो उंच फुगला. पहिला तुकडा मला दिला. फार बरं वाटलं. उरलेल्यातला एक विठ्ठलरावांकडे पाठव म्हणालो. जिंकणाऱ्याने उदार असावं.

१५ सप्टेंबर, गणेशचतुर्थी
मी मंडपप्रमुख. लायटिंग असं, की पुढे रिहे गावाकडे जाणाऱ्या जीपगाड्या थांबून बघतात. तात्पुरत्या जोडणीसाठी अर्ज करायचा असतो, पण अर्जाला आठवडा लागतो आणि श्रींना मुहूर्त असतो. वॉचमनने गेल्या वर्षीसारखाच बांबूने खांबावर आकडा टाकला. मी पाहिलं नाही, आरतीत माझे डोळे मिटलेले असतात. गावातला आकडा आणि हा आकडा यांत फरक आहे. तो चोरीचा, हा श्रद्धेचा. विसर्जनाला काढूच.

२६ ऑक्टोबर, कोजागिरी
आकडा काढणार होतो, पण नवरात्रात दांडिया होता. आज दूध आटवायला मोठी विजेची शेगडी. मग दिवाळीचा आकाशकंदील. दर वेळी वॉचमनला खांबावर चढवणं माणुसकीला धरून नाही. बिल्डरनेही शेजारच्या खांबावर एक टाकून घेतलाय, त्याची काँक्रीटची मशीन त्यावर चालते. मी हटकलं, तर तो म्हणाला, "सर, तुमचं बघूनच धीर आला." विकासाच्या आड कसं यायचं?
मोठी बातमी: माझ्याच कंपनीकडून सुलक्षणाला नाताळची ऑर्डर. सगळ्या स्टाफला प्लमकेक. ती घाबरली होती. म्हणाली, एवढ्याला होकार दिला आणि लाइट गेली तर माझं नाव कायमचं जाईल. मी म्हणालो, गॅरंटी माझी. तिने होकार कळवला.

११ नोव्हेंबर, भाऊबीज
दादा आला. दिवाळी झाली आणि ओव्हन इथेच आहे, हे त्याच्या नजरेला आणून दिलं. मुद्दाम सगळे दिवे लावून ठेवले होते, बाथरूमचासुद्धा.

२१ नोव्हेंबर
संध्याकाळी लाइट गेली. किरकोळ बिघाड असणार.

२२ नोव्हेंबर
आजही. दुपारीही.

२४ नोव्हेंबर, शनिवार
वीज कार्यालयात जाऊन आलो. नुकतेच बदलून आलेले इंजिनिअर, शांत गृहस्थ. त्यांनी सांगितलं, नव्या फीडरची तफावत मोजून झाली, तुम्ही सगळ्यात खालच्या, म्हणजे सगळ्यात जास्त लोडशेडिंगच्या गटात गेलात. मी म्हणालो, काहीतरी घोटाळा आहे, ती तफावत गावाची असणार. ते म्हणाले, गाव आता त्या फीडरवर नाहीच ना. तुम्ही निघाल्यापासून गावाची तफावत एकदम उतरली, ते वरच्या गटात गेले. मग त्यांनी विचारलं, वेगळं व्हायचं निवेदन कुणी दिलं होतं? मी म्हणालो, बिल्डरने.
येताना वॉचमनला आकडा काढायला लावला. पुढची मोजणी मार्चमध्ये.

२५ नोव्हेंबर
सुलक्षणाला तांत्रिक बाजू समजावली. गॅस-ओव्हन, जनरेटर, पहाटे उठून भाजणं, असे पर्याय सुचवले. ती म्हणाली, "तुमची गॅरंटी होती." आणि आत गेली. मला खरंच लाज वाटली. थोडा वेळ.
दादाला फोन केला. मीच केला, हे इथे नोंदवतो. तो आनंदाने तयार झाला, पण मागून वहिनींचा आवाज आला, की आमच्या ओट्यावर अंडं चालत नाही.

२ डिसेंबर, रविवार
ओव्हन गेला. विठ्ठलरावांकडे. भाडेकरूंसाठी बांधलेली त्यांची एक खोली रिकामी होती. सुलक्षणा परस्पर जाऊन बोलून आली. विठ्ठलराव स्वतः टेम्पो घेऊन आले. मी म्हणालो, अडचण नको व्हायला. ते म्हणाले, "आडचन कसली, सायेब? तुमी येगळं निघालात आन आमच्याकडं उजेड पडला. ताई आमच्याच हायेत."
यात टोमणा नसावा. ओव्हन बाणेरला गेला नाही, म्हणजे तत्त्वतः मी हरलेलो नाही.

१६ डिसेंबर, रविवार
घरी अंधार. आयोगाकडे नवी हरकत घ्यायचं ठरवलं आहे: मोजणीच्या काळातले सण वगळावेत. मुद्दा बिनतोड. तो सुलक्षणाला ऐकवायला गावात गेलो.
खोलीत लख्ख उजेड. ओव्हन चालू. शारदाबाई आणि शेजारच्या दोघी केक कागदात गुंडाळत होत्या. सुलक्षणाच्या नाकाला मैदा लागला होता आणि ती हसत होती. सूसला आल्यापासून तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं.
हरकतीचं सांगायला सुरुवात केली. कुणाला वेळ नव्हता. शेवटी विचारलं, मी काही करू का? तिने पातेलं आणि रवी हातात दिली. म्हणाली, अंडी फेटा.
मी म्हणालो, लाइट आहे, मिक्सर आहे, मग हाताने कशाला?
ती म्हणाली, मिक्सरला कामं आहेत.