बदलीची भाकरी

आप्पा, तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी जे बोलायचं ते इतकी वर्षं मनातल्या मनात बोलत आले, लिहायची वेळ आली नव्हती. आज रविवार आहे. दुपारचे दोन वाजलेत, नवरा पोर्ट केंबलाला स्टीलच्या कारखान्यात पाळीवर गेलाय आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेय. सकाळची भांडी तशीच पडली आहेत. उद्या सकाळी आठ वाजता तुमचा नातू, ज्याला तुम्ही पाहिलंही नाहीत, अमेरिकेतल्या एका मोठ्या व्यावसायिक संघाकडून पहिल्यांदा मैदानात उतरणार आहे. दुसऱ्या एखाद्या आईने आज पेढे वाटले असते. मला मात्र कालपासून घास उतरत नाही, आणि का उतरत नाही ते सांगायला परदेशातल्या या अख्ख्या वॉलॉंगॉंग शहरात मला माणूस सापडत नाही.

आधी खेळ समजावून सांगायला हवा, नाहीतर तुम्ही म्हणाल, फुटबॉल ना, मग पायाने खेळा की. हा अमेरिकन फुटबॉल. नाव पायाचं, पण सगळा खेळ हातांचा आणि धक्काबुक्कीचा. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. ज्या संघाकडे चेंडू असेल त्याने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. तीनदा धडपडून जमलं नाही, तर चौथ्या वेळी बहुतेकदा एक माणूस आत येतो आणि तो चेंडू लाथेने जितका लांब जाईल तितका उडवून देतो, म्हणजे समोरच्यांना निदान लांबून सुरुवात करावी लागते. त्याला पंटर म्हणतात. बाकीच्यांची डाळ शिजली नाही की याला बोलावणं. इथली मुलं लहानपणापासून फुटी, म्हणजे इथला देशी फुटबॉल, खेळत लांब लाथा मारायला शिकतात, म्हणून अमेरिकेत या कामाला त्यांना मागणी असते. आमचा तसाच गेला. आधी तिथल्या कॉलेजात, मग या संघातून त्या संघात, पण कायम सरावाच्या तुकडीत. या तुकडीतली मुलं आठवडाभर बाकीच्यांइतकाच घाम गाळतात आणि सामन्याच्या दिवशी साध्या कपड्यांत कडेला उभी राहतात. मुख्य माणूस जायबंदी झाला तर यांना खेळायला मिळतं, नाहीतर नाही. हे त्याने फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "म्हणजे बदली." तो म्हणाला, "व्हॉट्स दॅट, मम?" मी म्हणाले, तुझे आजोबा होते.

सोलापूरच्या त्या गिरणीच्या फाटकाशी तुम्ही रोज सकाळी भोंग्याच्या आधी जाऊन उभे. हातात आईने बांधून दिलेला डबा, दोन ज्वारीच्या भाकरी, शेंगाची चटणी, एक कांदा. कायम कामगार आत जातात, मग मुकादम बाहेर येतो, आज कोण आलेलं नाही ते बघतो आणि तेवढ्यांपुरती बदलीवाल्यांची नावं घेतो. नाव आलं की संध्याकाळी तुमच्या केसांत, भुवयांत कापूस अडकलेला असतो. नाही आलं तर तासाभरात तुम्ही परत, आणि तो डबा आम्ही भावंडं दुपारी वाटून खातो. घरातलीच भाकरी, पण ती डब्यातून निघाली की आई आमच्याकडे बघायची नाही. मला तो डबा मुळीच आवडत नसे.

मग पलीकडच्या खोलीतल्या काकांना विषमज्वर झाला. तुमच्याच खात्यात कायम असलेले ते काका. त्यांच्या जागी तुमचं नाव रोज येऊ लागलं, आणि मी नऊ वर्षांची पोर हरखून गेले. संध्याकाळी आपण सगळे तसबिरीपुढे बसून वंदना म्हणत असू, सर्वांचं भलं होवो म्हणून उठत असू. त्या दिवशी सगळे उठले तरी मी डोळे मिटून बसलेच. आईने विचारलं, "काय गं, काय मागती एवढं?" मी सरळ सांगितलं, काकांचा ताप अजून महिनाभर उतरू नये. तुम्ही हात उगारला नाहीत. मला दंडाला धरून पलीकडे नेलंत, काकांच्या उशाशी बसवलंत आणि कपाळावरच्या मीठपाण्याच्या पट्ट्या बदलायला लावल्यात. काकांचं कपाळ तव्यासारखं तापलेलं होतं आणि ते मला "बाळ, बाळ" म्हणत होते. परत येताना दारातच थांबून तुम्ही म्हणालात, "बदलीवाल्याची भाकरी दुसऱ्याच्या दुखण्यावरच येती. त्याला इलाज न्हाई. पन ती गोड लागाय लागली की माणूस गेला. ध्येनात ठेव." मी ध्यानात ठेवलं, आप्पा. पुढे शिकून एक्स-रे काढणारी झाले, पंचवीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात लोकांची मोडलेली हाडं बघते आहे, आणि कुणाच्या दुखण्यावर आपण जगतोय हे विसरलेले नाही. असं मला तरी वाटत होतं.

मागच्या वर्षी एका संघाने तुमच्या नातवाला हंगामाच्या मध्यावर सोडून दिलं आणि तो घरी आला. ते चार महिने मी कुणाला सांगितलेले नाहीत. गिरावीन उपनगरातल्या मराठी मैत्रिणींनी विचारलं की म्हणायचे, ब्रेक घेतलाय. तो खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा, पडदे ओढलेले, ताट दाराशी ठेवावं आणि तसंच उचलावं. एकदा त्याने आतून कडी लावली आणि वीस मिनिटं हाकेला ओ दिली नाही. त्या दिवशी नवऱ्याने स्क्रू ड्रायव्हर आणून ती कडीच काढून टाकली. तिच्या जागी अजून चार भोकं आहेत. मग डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, तो हळूहळू उठला, पुन्हा ओव्हलवर, इथल्या मैदानावर, जाऊन लाथा मारू लागला, आणि या संघाचा फोन आला. विमानतळावर त्याने मला सांगितलं, "या वर्षी एक तरी गेम नाही मिळाला ना मम, देन आय'म डन." डन म्हणजे काय ते मी विचारलं नाही. विचारण्याची छाती झाली नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, मला त्याचं नाव व्हायला नको होतं, टीव्हीवर दिसायला नको होता. मला तो जिवंत हवा होता.

या संघाने पहिले तीन सामने जिंकले आणि मग गाडी घसरली ती घसरलीच. चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूचा खांदा गेला, मग प्रशिक्षकाचं आणि मालकाचं वाजलं, ऑक्टोबरपासून हार आणि हारच. हरणारा संघ साफसफाई करायला निघाला की केरसुणी आधी कडेच्या पोरांवर फिरते. दर मंगळवारी फोन वाजला की मी धरूनच चालायचे, आज सोडलं. मी सोमवारच्या सगळ्या आर्व्हो, म्हणजे दुपारच्या, शिफ्ट मागून घेतल्या, म्हणजे सकाळी सामना बघता येईल. बघायचं काय, तर तो कडेला टोपी घालून उभा असलेला कधीतरी क्षणभर दिसतो तेवढं. आणि संघ सारखा अडत असल्यामुळे पंटर सारखा आत यायचा, पण तो दुसराच.

तो दुसरा माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. पस्तिशीचा, दाढीत पांढरे केस, दोन लहान मुली. आमच्या मुलाला पहिल्या दिवसापासून त्याने जवळ केलं, चेंडू हातातून कसा सोडायचा ते शिकवलं, सणाला घरी जेवायला नेलं. एकदा मी मुलाशी व्हिडिओवर बोलत असताना तो मध्येच डोकावला आणि हसत म्हणाला, "हाय मम, तुमचा मुलगा माझी नोकरी खाणार बघा." मीही हसले. आणि पुढच्या सोमवारपासून त्याला पाण्यात पाहू लागले. सुरुवात साधी होती, त्याला जरा ताप यावा, एका आठवड्यापुरता. मग म्हटलं, बोट दुखावू दे. मग पोटरी. तुमची लेक पायांचे एक्स-रे काढते, आप्पा, पावलातली सव्वीस हाडं मला पाठ आहेत. टीव्हीसमोर चहाचा कप धरून मी एकेका हाडाशी थांबत होते, हे चालेल का, हे फार होईल का.

गेल्या सोमवारी ते झालं. त्याने लाथ मारली, पाय अजून हवेत होता आणि समोरचा एक धिप्पाड गडी त्याच्या दुसऱ्या, टेकलेल्या पायावर येऊन पडला. पाय ज्या बाजूला जायचा नसतो त्या बाजूला गेला. समालोचक काही बोलायच्या आत मला कळलं, आणि माझ्या तोंडून मोठ्याने "हो" निघालं. नवरा शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "अगं, पाय मोडलाय त्याचा." मी म्हणाले, "तेच म्हणतेय मी." तो कप उचलून सिंकशी गेला. तिथून म्हणाला, "हे बघ, कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही. तू मनात आणलंस म्हणून त्याला लागलं नाही." चांगला माणूस आहे हो. पण त्याने गायीची समजूत काढली, कावळ्याचं काय करायचं ते त्यालाही माहीत नाही. दुपारी मी शिफ्टला गेले, जिन्यावरून पडलेल्या एका आजींचा घोटा मशीनखाली सरळ केला, त्या सॉरी सॉरी म्हणत होत्या आणि मी नो वरीज, नो वरीज म्हणत होते. माझे हात थंड होते, त्यांनाही ते जाणवलं.

मंगळवारी मुलाचा फोन आला. प्रशिक्षकाने सांगितलंय, पुढचा सामना तू खेळणार. बोलता बोलता तो रडू लागला. "मम, त्याने स्ट्रेचरवरून मला थम्ब्स अप केलं. अँड आय वॉज हॅपी. तो तिथे ओरडत होता आणि मी आतून हॅपी होतो. इज दॅट बॅड?" आप्पा, तुमचं वाक्य त्या क्षणी माझ्या तोंडाशी आलं होतं. चाळीस वर्षं जपून ठेवलेलं वाक्य, आणि ज्याच्यासाठी ते जपलं त्याने आपण होऊन विचारलं होतं. मी म्हणाले, "नाही रे बाळा, तू काय केलंयस. तू जेवलास का?" तो म्हणाला, "येस मम." मला भीती वाटली, ते वाक्य सांगितलं तर हा पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजेल. आणि दुसरं म्हणजे कुठल्या तोंडाने सांगू.

तुम्ही कधी मागितलं होतं का हो? त्या फाटकाशी उभं असताना, आम्ही चौघं घरात असताना, एखाद्या थंडीच्या सकाळी, आज कुणीतरी आजारी पडावं असं तुमच्या मनात आलंच नाही का? लहानपणी वाटायचं, नाही, आमचे आप्पा तसले नाहीत. आता वाटतं, ज्याला ती गोडी माहीत होती तोच तसं बोलू शकतो. काकांच्या उशाशी तुम्ही मला एकटीला नेलं नव्हतंत, तुम्हीही खाली बसून त्यांचे पाय चेपत होतात. ते शिक्षा म्हणून मला नेलं होतं की तुम्हालाही जायचं होतं, हे एवढं एक सांगा. तुम्ही हो म्हणालात तर मला उद्या सकाळी टीव्ही लावता येईल.

हे पत्र मी ठेवणार नाही, नवऱ्याच्या हाती लागलं तर त्याला झेपायचं नाही. पण फाडण्याआधी राहिलेलं सांगते. शुक्रवारी मुलाने एक फोटो पाठवला. पाय मोडलेल्या त्या माणसाने आपला एक्स-रे त्याच्याकडे दिला होता, तुझ्या मॉमला विचार, तिला यातलं कळतं, मला डॉक्टरांपेक्षा तिचं ऐकायचंय म्हणून. मी बघितला. बाहेरच्या बारीक हाडाला एक भेग, केसाएवढी, हाडं जागच्या जागी. महिना-दीड महिन्यात माणूस चालायला लागेल, पुढच्या हंगामात आपल्या जागी उभा राहील. मी मुलाला लिहिलं, छान आहे, काळजी करू नको म्हणावं. ते लिहिण्याआधी मी फोटो दोन बोटांनी मोठा केला होता आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत इंच इंच बघत गेले होते. पंचवीस वर्षं मी भेग शोधते ती नसावी म्हणून. त्या दिवशी दुसरी भेग असावी म्हणून शोधत होते. ती नव्हती, आप्पा, आणि मला वाईट वाटलं. आज हे लिहिताना मी दोनदा उठले, ती भांडी घासायला नव्हे. फोटो परत उघडून बघितला.