दोन खोल्यांचं भाडं

अहो,

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं तुम्ही नेहमी म्हणता. आज मी या परक्या देशात अंथरुणाबाहेर पाय पसरले. इस्पितळाजवळ दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. नर्सचा अर्धा पगार भाड्यातच जाईल. वीज, पाणी, गॅस वेगळं.

घरमालकीण म्हणाली, "एकट्या बाईला दोन खोल्या कशाला?"

"एकटी कुठली? नवरा आणि मुलगी यायचेत."

"कधी?"

तुमचं आपलं एकच, "जरा जम बसू दे, मग येऊ." तो बसावा म्हणून तिघींच्या एका खोलीत मी दोन हिवाळे काढले. बिल वाचवायला हीटर बंद, अंगात स्वेटरवर स्वेटर. फोनवर पोरगी हसायची, "आई, तू जाडी झालीस!"

काल व्हिडिओ कॉलवर तिनं माझ्यासमोरच जाऊबाईंना आई म्हणून हाक मारली. जाऊबाई ओशाळल्या. मी ऐकलंच नाही असं दाखवलं, आणि सकाळी उठून करारावर सही केली.

हे वाचलंत तर तुम्ही हिशेब मांडत बसाल, म्हणून पाठवत नाही. संध्याकाळी फोनवर एवढंच सांगेन, तिकिटं काढा. पोरीची खोली झाडून ठेवली आहे.

वाटेकडे डोळे लावून,
तुमचीच